दलदलीतला वायू : दोनशे वर्षांचा शोध

उथळ, जुन्या तळ्याच्या काठाशी गाळात काठी खुपसली की बुडबुडे वर येतात, हे खेड्यात वाढलेल्या बहुतेक मुलांना ठाऊक असते. शाळेत या बुडबुड्यांचा उल्लेख फार तर एका वाक्यात येतो : वनस्पतींचे व प्राण्यांचे अवशेष हवेशिवाय कुजले की मिथेन वायू तयार होतो. वाक्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ‘कुजणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. ‘पान कुजले’ असे म्हणताना पान कोणी कुजवले हे सांगावे लागत नाही. तळ्याच्या गाळातल्या मिथेनचा इतिहास म्हणजे ‘कुजणे’पासून ‘कुजवणे’पर्यंतचा प्रवास आहे. वायू सापडल्यानंतर त्याचा कर्ता नक्की ओळखायला शास्त्रज्ञांना दोनशे वर्षे लागली. इतका वेळ का लागला, हे शिक्षकांनी आणि मोठ्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

माज्जोरे सरोवराचा काठ

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘हवा’ हा रसायनशास्त्रातला सर्वांत चर्चेचा विषय होता. हेन्री कॅव्हेंडिशने १७६६ मध्ये धातूंवर आम्लाची क्रिया करून मिळणाऱ्या ‘ज्वालाग्राही हवे’चे, म्हणजे आजच्या हायड्रोजनचे, वर्णन केले होते. बेंजामिन फ्रँकलिनने १७७४ मध्ये जोसेफ प्रीस्टलेला लिहिलेल्या पत्रात अमेरिकेतल्या न्यू जर्सी प्रांतातील काही उथळ, चिखलाच्या पाण्यांवर मेणबत्ती धरली तर ज्योत पसरते, असे कळवले होते. म्हणजे जळणारी हवा निसर्गातही मिळते, हे कानावर आलेले होते.

आलेस्सांद्रो व्होल्टा तेव्हा उत्तर इटलीतील कोमो येथे शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होता. विद्युतघटाचा शोध अजून चोवीस वर्षे दूर होता. कार्लो कॅम्पी या त्याच्या धर्मोपदेशक मित्राला एका ठिकाणी जमिनीतून निघणारी जळणारी हवा सापडली होती. ते ऐकून व्होल्टा अशा जागा शोधू लागला. नोव्हेंबर १७७६ मध्ये माज्जोरे सरोवरावर, आंजेरा गावाजवळच्या वेताच्या बेटाशी, त्याने नावेतून काठीने गाळ ढवळला. पाण्याने भरलेली बाटली उपडी धरून वर येणारे बुडबुडे गोळा केले. ज्योत लावल्यावर ही हवा सुंदर निळसर ज्वालेने सावकाश जळली. कॅम्पीला लिहिलेली याविषयीची त्याची पत्रे १७७७ मध्ये मिलान येथे पुस्तकरूपाने छापली गेली.

जळणारी हवा सापडली एवढ्यावर व्होल्टा थांबला नाही. ती कॅव्हेंडिशच्या ज्वालाग्राही हवेपेक्षा वेगळी आहे का, हे त्याने मोजून पाहिले. दलदलीतली हवा पूर्ण जळण्यासाठी साधी हवा कितीतरी जास्त लागते, असे त्याला आढळले. आज याचे कारण नववीचा विद्यार्थीही सांगेल. हायड्रोजनच्या एका आकारमानाला ऑक्सिजनचे अर्धे आकारमान पुरते, तर मिथेनला दोन लागतात, म्हणजे चौपट. व्होल्टाकडे ऑक्सिजनची कल्पनाही नव्हती. फक्त मापे होती, आणि ती बरोबर होती. ही हवा कुजणाऱ्या वनस्पती व प्राण्यांच्या अवशेषांपासून येते, हेही त्याने ओळखले होते.

सात वर्षांनी, नोव्हेंबर १७८३ मध्ये, न्यू जर्सीतील मिलस्टोन नदीवर हाच प्रयोग जॉर्ज वॉशिंग्टन आणि लेखक थॉमस पेन यांनी केला. पाण्याच्या पृष्ठभागावर तेलासारखा काही पदार्थ असतो की गाळातून वायू वर येतो, असा वाद होता. सैनिकांनी बांबूंनी तळ ढवळला आणि या दोघांनी पेटत्या कागदाच्या गुंडाळ्या पाण्यापासून दोन-तीन इंचांवर धरल्या. बुडबुडे वर आले तेव्हाच आग लागली. वाद मिटला. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे म्हणजे काय, हे शिकवण्यासाठी यापेक्षा सोपे उदाहरण मिळणे कठीण आहे.

वायूची ओळख पटली, पण...

जॉन डाल्टनने १८०४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये तळ्यांतून हाच वायू गोळा केला. तेलजनक वायू, म्हणजे आजचा एथिलीन, आणि दलदलीतला वायू यांची त्याने तुलना केली. कार्बन सारखाच घेतला तर दलदलीतल्या वायूत हायड्रोजन बरोबर दुप्पट भरतो. गुणित प्रमाणाच्या नियमाला ज्या उदाहरणांनी आधार दिला, त्यांत हे एक होते. तळ्यातल्या चिखलाने अणुसिद्धांताला असा हातभार लावला. मँचेस्टरच्या नगरभवनात फोर्ड मॅडॉक्स ब्राउन या चित्रकाराने याच प्रसंगाचे भित्तिचित्र काढले आहे.

‘मिथेन’ हे नाव जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमन याने १८६० नंतरच्या दशकात सुचवलेल्या नामपद्धतीतून आले. तोवर रसायनशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न संपला होता. एक कार्बन, चार हायड्रोजन. पण सेल्युलोजने भरलेले पान गाळात जाते आणि त्यातून हा साधा वायू बाहेर पडतो, तो मधल्या काळात कसा घडतो?

कुजवणाऱ्यांचा माग

ऑक्सिजनशिवाय जगणारे, किंबहुना ऑक्सिजनने मरणारे सूक्ष्मजीव असतात, असे लुई पाश्चरने १८६१ मध्ये दाखवले. त्यानंतर सात वर्षांनी आंत्वान बेशाँ याने मिथेनची निर्मिती ही सूक्ष्मजीवांची करणी आहे, असे प्रयोगाने मांडले. पोपॉफने १८७५ मध्ये गाळात सेल्युलोज मिसळून मिथेन मिळवला. फेलिक्स होप्पे-झायलर याने गाळाचे विरजण लावलेल्या ॲसिटेटपासून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मिळतात, असे दाखवले.

‘विरजण’ हा शब्द इथे विचार करून वापरला आहे. दुधात थोडे दही घातले की दही लागते, तसा थोडा गाळ नव्या द्रावणात घातला की मिथेन निघू लागतो. म्हणजे गाळात जिवंत काही आहे. पण दह्याच्या विरजणात एकाच जातीचे जिवाणू असतात असे नाही, आणि गाळात तर शेकडो जाती असतात. त्यातले मिथेन करणारे नेमके कोणते?

हॉलंडमधील डेल्फ्ट येथे मार्टिनस बायरिंक याचा विद्यार्थी निकोलास सोंगेन याने १९०६ मध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. पहिली : काही संवर्धनांत चार भाग हायड्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी एक भाग मिथेन येतो. दुसरी : मिथेन हेच अन्न म्हणून वापरणारे जिवाणूही आहेत. करणारे आणि खाणारे, दोन्ही एकाच वर्षी हाती लागले. आज आपण तळ्यातल्या मिथेनचा जो जमाखर्च मांडतो, त्याच्या दोन्ही बाजूंचा आरंभ तिथे आहे.

एक की दोन?

मिथेन करणारा एकच सूक्ष्मजीव वेगळा काढणे मात्र अतिशय अवघड ठरले. हवेतला थोडासा ऑक्सिजनही त्यांची वाढ थांबवतो. नेहमीच्या काचेच्या बशीत ते वाढत नाहीत. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होरेस बार्कर याने १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या चिखलातून असे एक संवर्धन मिळवले. ते एथिल अल्कोहोलवर वाढे, त्याचे ॲसिटेट करी आणि मिथेन सोडी. रशियन शास्त्रज्ञ ओमेलिआन्स्की याच्या स्मरणार्थ त्याला ‘मिथेनोबॅक्टेरियम ओमेलिआन्स्की’ असे नाव मिळाले. पुढची पंचवीसहून अधिक वर्षे मिथेनच्या जीवरसायनाचा बराचसा अभ्यास याच संवर्धनावर झाला.

त्याच काळात रॉबर्ट हंगेट याने एक युक्ती विकसित केली. आगर घातलेले द्रावण उकळून त्यातला ऑक्सिजन घालवायचा. तापलेल्या तांब्यावरून नेऊन ऑक्सिजनमुक्त केलेला वायू परीक्षानळीत सोडत राहायचे. रबरी बूच लावून नळी थंड पाण्यात आडवी फिरवायची, म्हणजे आगरचा पातळ थर आतल्या बाजूस चढतो. नळी हीच बशी होते आणि हवा आत येतच नाही. साधने साधी, पण यामुळे विनॉक्सी सूक्ष्मजीवांच्या स्वतंत्र वसाहती वाढवता येऊ लागल्या.

हे तंत्र हाताशी घेऊन इलिनॉय विद्यापीठातील मार्विन ब्रायंट, एलिझाबेथ वोलिन, मायर वोलिन आणि राल्फ वुल्फ यांनी १९६७ मध्ये ओमेलिआन्स्कीचे संवर्धन पुन्हा तपासले. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड देऊन वाढवलेल्या वसाहतींनी मिथेन केला, पण अल्कोहोलला त्या स्पर्शही करीनात. दुसऱ्या प्रकारच्या वसाहती अल्कोहोल वापरत, हायड्रोजन सोडत, पण थोड्याच वेळात त्यांची वाढ खुंटे. दोघांना एकत्र वाढवले की जुने संवर्धन जसेच्या तसे परत मिळे. ज्याला सत्तावीस वर्षे एक जीव समजले, ते दोघे होते.

यामागचे कारण ऊर्जेचे आहे. अल्कोहोलपासून ॲसिटेट आणि हायड्रोजन करण्याची क्रिया हायड्रोजन साचला की पुढे जात नाही. तो अगदी अत्यल्प राहिला तरच त्या जिवाणूला तिच्यातून ऊर्जा मिळते. गुऱ्हाळात चरकाशी चिपाडांचा ढीग साचला की चरक थांबवावा लागतो. चुलवाणात जाळ घालणारा वाळलेली चिपाडे उचलत राहतो, तेव्हा चरक चालतो आणि काहिलीखाली जाळही लागतो. एकाचा कचरा तेच दुसऱ्याचे इंधन. पहिल्या जिवाणूचा हायड्रोजन दुसरा उचलतो, म्हणून दोघेही जगतात. तळ्याच्या गाळात ही देवघेव सतत चालू असते. ‘मिथेन कोण करतो’ या प्रश्नाला एका नावाचे उत्तर मिळत नव्हते, याचे हे एक कारण होते. मिथेन ही एकट्याची करणी नाहीच.

जिवाणूच नव्हेत

त्याच विद्यापीठात कार्ल वूज हे सूक्ष्मजीवांची वंशावळ लावण्याच्या प्रयत्नात होते. सर्व पेशींत प्रथिने बांधणारे रायबोसोम असतात. त्यांतल्या एका आरएनए रेणूचे विकराने तुकडे करून वूज निरनिराळ्या जीवांमधली साम्ये मोजत. त्यासाठी पेशी किरणोत्सारी फॉस्फरसवर वाढवाव्या लागत. मिथेन करणारे जीव या पद्धतीने वाढवणे धोक्याचे होते. वुल्फ यांच्या प्रयोगशाळेतील विल्यम बाल्च याने बंद, दाब सहन करणाऱ्या नळ्यांत ते वाढवण्याची रीत बसवली आणि अडचण दूर झाली.

१९७६ मध्ये मिळालेले निकाल चकित करणारे होते. जिवाणूंमध्ये हमखास आढळणारे आरएनएचे काही तुकडे यांच्यात नव्हतेच. वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी नोव्हेंबर १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले की हे जीव जिवाणूंपासून तितकेच दूर आहेत, जितके जिवाणू आपल्यापासून. सूक्ष्मदर्शकाखाली ते जिवाणूंसारखे दिसत, म्हणून सर्वांनी त्यांना जिवाणू म्हटले होते. त्यांच्या पेशीभित्तिकेत जिवाणूंचे नेहमीचे द्रव्य नाही आणि त्यांच्या पेशीपटलातील स्निग्ध रेणूंची जोडणीही वेगळी आहे, ही निरीक्षणे आता एका सूत्रात बसली. सुरुवातीला अनेकांनी हे मानले नाही. १९९० मध्ये वूज, कांडलर आणि व्हीलिस यांनी या तिसऱ्या गटाला ‘आर्किया’ असे नाव दिले आणि आज ते सर्वमान्य आहे.

माज्जोरेच्या काठावरच्या नोव्हेंबरला तेव्हा २०१ वर्षे झाली होती. मिथेनचा करविता केवळ सापडला नव्हता, तर त्याच्यामुळे सजीवसृष्टीचा वृक्ष नव्याने काढावा लागला होता. म्हणून या जीवांना आजही ‘मिथेन करणारे जिवाणू’ म्हणणे टाळावे. मिथेनकारी आर्किया म्हणावे.

तळ्यातली पंगत

आता पुन्हा गाळात उतरू. तळ्याच्या तळाशी पडलेल्या पानाचे काय होते?

वरच्या काही मिलिमीटर गाळात ऑक्सिजन असतो. तिथले सूक्ष्मजीव तो संपवतात. त्याखाली नायट्रेट, मग मँगनीज व लोहाची ऑक्साइडे, मग सल्फेट, अशा क्रमाने ‘श्वसना’साठी पदार्थ वापरले जातात, कारण ऊर्जाही याच क्रमाने उतरत जाते. मिथेनकारी आर्कियांची पाने या पंगतीत सर्वांत शेवटी. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते, म्हणून तिथे सल्फेट वापरणारे जिवाणू हायड्रोजन आणि ॲसिटेट आधीच फस्त करतात. गोड्या पाण्यात सल्फेट थोडे असते, ते लवकर संपते, आणि मिथेनकारींना पोटभर मिळते. १९७० नंतरच्या दशकात नेदरलँड्समधील फेख्टन तळे आणि अमेरिकेतील मेंडोटा सरोवर यांच्या गाळावर झालेल्या प्रयोगांनी ही स्पर्धा स्पष्ट केली. मेंडोटाच्या गाळात सल्फेट मिसळले की मिथेन घटे.

पानातल्या सेल्युलोजचे आधी ग्लुकोज होते. किण्वन करणारे जिवाणू ग्लुकोजच्या एका रेणूपासून ॲसिटेटचे दोन, कार्बन डायऑक्साइडचे दोन आणि हायड्रोजनचे चार रेणू करू शकतात. ॲसिटेटच्या दोन रेणूंपासून मिथेनचे दोन रेणू मिळतात. हायड्रोजनचे चार रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक, यांच्यापासून मिथेनचा आणखी एक. म्हणजे तीनपैकी दोन वाटे ॲसिटेटमार्फत आणि एक हायड्रोजनमार्फत. ॲसिटेटमधला मिथिल गटच मिथेन होतो, हे बझवेल आणि सोलो तसेच स्टॅडमन आणि बार्कर यांनी १९४८-४९ मध्ये किरणोत्सारी कार्बन वापरून सिद्ध केले होते. अनेक गोड्या तळ्यांत हे प्रमाण कागदावरच्या दोनास एकच्या जवळपास भरते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. एका ग्लुकोजपासून तीन मिथेन आणि तीन कार्बन डायऑक्साइड तयार होतात. ग्लुकोजमधल्या उपयोगी ऊर्जेपैकी सुमारे ८५ टक्के या तीन मिथेन रेणूंत तशीच राहते. एवढी साखळी मिळून उरलेल्या १५ टक्क्यांवर जगते. आपला गोबर गॅस चुलीवर चहा उकळतो, तो या काटकसरीमुळेच. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैलापाण्याच्या टाकीतला वायू दिव्यांसाठी वापरला गेला, तेव्हा सोंगेनचा शोधही लागायचा होता. उपयोग आधी आणि स्पष्टीकरण नंतर, असे विज्ञानात पुष्कळदा घडते.

लोणारचे सरोवर या पंगतीला एक वेगळी वाट दाखवते. बुलढाणा जिल्ह्यातले, बेसाल्ट खडकात उल्काघाताने झालेले हे सरोवर खारे आणि अल्कधर्मी आहे. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या गाळात ‘मिथेनोलोबस’ या मिथेनकारींचे सक्रिय अस्तित्व आढळले. ते मिथेनॉल, मिथिलअमाइन अशा मिथिल गट असलेल्या संयुगांवर वाढतात. या अन्नावर सल्फेट वापरणाऱ्यांची फारशी नजर नसते. सर्व पाने भरलेली असली तरी वेगळे जेवण जेवणाऱ्याला जागा मिळते.

बुडबुडा पृष्ठभागावर आल्यावर

हा सारा इतिहास आज केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर अब्ज रेणूंमागे मिथेनचे सातशेच्या थोडे वर रेणू होते. २०२३ मध्ये ही संख्या १९०० च्या वर गेली होती. शंभर वर्षांच्या कालावधीचा विचार केला तर वजनास वजन मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारा वायू आहे. भातशेती, गुरे, कचऱ्याचे ढीग, खाणी व तेलविहिरी यांच्याबरोबर पाणथळ जागा आणि तळी हेही त्याचे मोठे स्रोत आहेत.

तळ्यातला सगळा मिथेन मात्र हवेत पोचत नाही. पाण्यात विरघळून हळूहळू वर येणारा मिथेन सोंगेनने दाखवलेले मिथेनभक्षी जिवाणू वाटेत खातात. बुडबुड्याच्या रूपाने येणारा मात्र त्यांच्या हातून निसटतो. तळे जितके उथळ, तितकी ही वाट सोपी.

त्यात तापमानाचा मुद्दा आहे. मेंडोटाच्या गाळाचे तापमान वर्षभरात ४ ते २३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असे. पण त्या गाळातली मिथेननिर्मिती प्रयोगशाळेत सर्वांत वेगाने झाली ती ३५ ते ४२ अंशांना, असे झायकस आणि विनफ्री यांनी १९७६ मध्ये नोंदवले. म्हणजे थंड प्रदेशातल्या गाळात हे जीव कायम गारठलेले असतात. तळी तापली तर ते वेग घेतात, मिथेन वाढतो, आणि त्याने हवा आणखी तापते. सायबेरियात हजारो वर्षे गोठलेली जमीन वितळून झालेल्या तळ्यांतून निघणाऱ्या बुडबुड्यांत ३५ ते ४३ हजार वर्षांपूर्वीचा कार्बन सापडल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हिमयुगात गाडले गेलेले गवत आता कुजवले जात आहे.

दुसरा मुद्दा आपल्या दाराशी आहे. सांडपाणी तळ्यात सोडले की त्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर शेवाळ व जलपर्णी माजतात. त्या मरून तळाशी जातात. ऑक्सिजन संपतो आणि पंगतीतल्या शेवटच्या पाहुण्यांना न मागता मेजवानी मिळते. सायबेरियातली जमीन गोठलेली ठेवणे आपल्या गावाच्या हातात नाही. आपल्या तळ्यात मैलापाणी जाऊ न देणे मात्र आहे.

वर्गासाठी

व्होल्टाचा प्रयोग आजही करता येतो. रुंद नरसाळे प्लास्टिकच्या बाटलीच्या तोंडात घट्ट बसवावे, बाटली पाण्याने भरून पाण्याखाली उपडी धरावी आणि काठीने गाळ ढवळावा. दहा मिनिटांत किती वायू जमतो ते मोजावे. सकाळी व दुपारी, स्वच्छ तळ्यात व सांडपाणी येणाऱ्या तळ्यात, उन्हाळ्यात व थंडीत, अशी मापे वर्षभर घेतली तर उत्तम तक्ता तयार होईल. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, काठावरून आणि उथळ पाण्यातच करावे. वायू हुंगू नये, त्यात विषारी हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. जाळून पाहण्याचा मोह टाळावा. मोजण्यातच खरा आनंद आहे, आणि व्होल्टानेही महत्त्वाचे जे शोधले ते मोजूनच.

आणि तक्ता तयार झाल्यावर विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : ‘पान कुजले’ या वाक्यात कर्ता कोण? उत्तर देताना त्यांना एकाचे नाव सांगून भागणार नाही. सेल्युलोज तोडणारे, ग्लुकोजचे किण्वन करणारे, हायड्रोजन सोडणारे, तो उचलणारे आणि ॲसिटेट फोडणारे, अशी सगळी साखळी फळ्यावर लिहावी लागेल. ती लिहिता आली म्हणजे पुस्तकातले ते एक वाक्य त्यांना खऱ्या अर्थाने समजले.